चौकटीखालची ओळ

२ फेब्रुवारी

चि. प्रश्नावलीस,

मामाचे अनेक आशीर्वाद. यापुढे 'इकडे सर्व क्षेम' असं लिहायचा प्रघात आहे. तो आज गाळतो. तुझी मामी अजून दवाखान्यातच आहे, आणि तिच्या छातीत जे चाललंय त्याला क्षेम म्हणायचं म्हणजे शब्दावर अन्याय होईल.

फुप्फुसांना संसर्ग झालाय, म्हणून तिला काचेआडच्या वेगळ्या वॉर्डात ठेवलंय. तिथे नातेवाइकांनी आपण होऊन जायचं नाही. डॉक्टर परवानगी देतात, मग दवाखाना फोन करतो, मग एकानेच जायचं. आतापर्यंत मला दोनदा बोलावलं. मास्कच्या आडून तिचं पहिलं वाक्य काय असेल? "शर्ट उलटा घातलायस." मी घाबरून सिस्टरना विचारलं, तर सुलटा होता. म्हणजे रोग अजून थट्टेपर्यंत पोचलेला नाही, असं मी समजतो.

माझे डोळे गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून ही बाई माझ्या डाव्या कानाशी राहते, हे तू पाहिलंयस. कोणी आलं की बारीक आवाजात तिचं भाष्य सुरू. "समोर पायरी." "हसतोय, पण मनातून नाही." "रागावल्यात, पण चहा घेतील." घरात मला एकट्याला वावरता येतं. माणसांत येत नाही, हे या नऊ दिवसांत कळलं.

भरतीच्या वेळचा कागदी फॉर्म शेजारच्या घड्याळजींनी भरला. माणूस सज्जन. पण जन्मभर टिकटिकीत बसल्यामुळे त्यांना वाटतं, सगळ्यांनाच कमी ऐकू येतं. जिन्यात उभे राहून विचारतात, "पेशंटला पोट साफ होतं का?" चारही मजल्यांना उत्तर कळलं. फोनचे नंबरही त्यांनी सढळ हाताने लिहिले. माझे दोन आणि स्वतःच्या दुकानाचा. दोन्ही वेळा बोलावणं दुकानात आलं आणि ते आरोळी ठोकत वर आले. मी दवाखान्यात निघालोय हे माझ्याआधी अख्ख्या गल्लीला ठाऊक.

आता म्हणे ती नोंदणी कॉम्प्युटरवर नव्याने करायची आहे. हे उद्योग तुमच्याच कचेरीचे का? असतील तर लवकर उरका. घड्याळजींनाही घड्याळांकडे बघायला वेळ मिळेल.

तुझा मामा


५ फेब्रुवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. हो, तो फॉर्म आमच्याच ऑफिसचा. आणि त्यातून माझा! दोन महिने त्याच्यावरच बसलेय. उद्यापासून सुरू होतोय. दवाखान्याला घाई आहे, म्हणून आम्हालाही.

तुझ्या पाठकबुवांना वाचता यावा म्हणून जपून केलाय. (तुझ्या कॉम्प्युटरमधल्या वाचून दाखवणाऱ्या आवाजाला तू ठेवलेलं हे नाव आता आमच्या ऑफिसात सर्रास चालतं. परवा साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "बुवांकडून तपासून घेतलं का?") प्रत्येक चौकटीला तिचं नाव नीट जोडलंय. तपासणीच्या प्रोग्रॅमने शंभरपैकी शंभर दिलेत.

पण मला सगळ्यात आवडतं ते वेगळंच. फॉर्म भरणाऱ्याला काय लिहायचं, का लिहायचं हे कळावं म्हणून मी त्यात चौदा ओळी घातल्यात. साहेब म्हणत होते, ऑफिसच्या भाषेत लिही. मी म्हटलं, ज्याचं माणूस काचेआड आहे त्याच्याशी ऑफिसच्या भाषेत बोलायचं नसतं. मामी तुझ्या कानाशी बोलते ना, तशा लिहिल्यात. काय लिहिलंय ते इथे सांगत नाही. बुवांकडून ऐक आणि दहापैकी गुण दे. मास्तरकी करायची नाही, खरे गुण.

मामीला सांग, शर्टावर लक्ष ठेव म्हणावं.

तुझी प्रश्नावली


८ फेब्रुवारी

चि. प्रश्नावलीस,

आशीर्वाद. फॉर्म भरला. मी भरला. हे छोटं वाक्य कृपा करून पुन्हा वाच, कारण सहा वर्षांत ते मला लिहिता आलेलं नाही. घड्याळजींना खाली निरोप पाठवला की आज त्यांची गरज नाही. ते काळजीने वर आले आणि दाराबाहेर उभे राहिले. मी दार लोटून घेतलं. कडी घालण्याइतका कृतघ्न नाही.

आता वृत्तांत. मी टॅबचं बटण दाबतो, बुवा एका चौकटीतून पुढच्या चौकटीत उडी मारतात आणि तिचं नाव पुकारतात. "रुग्णाचे नाव. चौकट. भरणे आवश्यक." भरलं. "रुग्णाशी नाते. चौकट. भरणे आवश्यक." भरलं, इथे क्षणभर 'शिष्य' लिहावंसं वाटलं. "संपर्क क्रमांक. चौकट. भरणे आवश्यक." एवढं म्हणून गप्प. बुवा पुढे काही म्हणतील म्हणून मी थांबलो, मी काही लिहीन म्हणून बुवा थांबले. दोघेही सभ्य. शेवटी मीच माघार घेतली.

नंबर घरचा दिला. माझा नियम तुला पाठ आहे: फॉर्म मागेल त्याला घरचा नंबर. मोबाईल एकदा कुठल्या फॉर्मला दाखवला की आठवड्याच्या आत कोणीतरी भर तासाला वर्गात जमीन विकायला येतं. बाकीचे नंबर कागदावर आहेतच.

राहिल्या तुझ्या त्या ओळी. अगं, किती मितभाषी झालीस! ताटावर बसल्या बसल्या तीस प्रश्न विचारणारी पोर तू. 'भात पांढरा का' पासून 'मामाला दाढी का नाही' पर्यंत. आणि आता 'रुग्णाशी नाते' एवढ्यात आटोपतेस? जुन्या सूत्रकारांनीही मान खाली घालावी. पण भाचे, सूत्र झालं. भाष्य कुठे गेलं?

दहापैकी नऊ. एक गुण भाष्याअभावी कापला आहे.

काल तिला काचेपलीकडून दाखवलं म्हणे. म्हणजे मला तिला दाखवलं. तिने हात हलवला असं सिस्टर म्हणाल्या. मीही हलवला. दिशा चुकली असावी, कारण एक वॉर्डबॉय मला 'नमस्कार' म्हणाला.

तुझा मामा


१० फेब्रुवारी

ती. मामा,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. बुवा आणि तू एकमेकांसाठी थांबलात त्यावर सगळे इतके हसले की पलीकडच्या खोलीतून लोक आले. 'सूत्र झालं; भाष्य कुठे गेलं' हे आमचे फॉर्म तपासणाऱ्या चाचणीवालीने मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलंय. माझ्या बडबडीला मितभाषी म्हणणारा जगात तूच एक. ऊठसूट टर उडवतोस.

कापलेला एक गुण मात्र भांडून घेणार. बावीसला, रविवारी येतेय. मामी तोवर काचेच्या अलीकडे आलेली असेल बघ.

तुझी प्रश्नावली


४ मार्च

ती. मामा,

काल पोचले. बॅग अजून उघडली नाही. मामीची छत्री चुकून माझ्याबरोबर आलीय, ती दाराशी ठेवलीय.

तुझ्याकडे होते ते पंधरा दिवस विचारवलं नाही, म्हणून इथून लिहिते. तुला वेळेवर का बोलावलं नाही? जो येईल त्याला तू एकच सांगत होतास: "पोचायला उशीर झाला." जणू तुझी बस चुकली होती. मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या की त्या दिवशी मामीचा श्वास तीन वाजल्यापासून बिघडत होता, डॉक्टरांनी लगेच "घरच्यांना बोलवा" म्हटलं होतं. तू पोचलास पावणेसातला. आणि शाळा तिथून वीस मिनिटांवर. मधे काय झालं, ते कोणीच सांगत नाही. मी विचारलं की सिस्टरही दुसरीकडे बघतात.

ती सव्वापाचला गेली. वीस मिनिटांवर तू होतास, मामा.

मी दवाखान्याला लेखी विचारणार आहे. मी ज्यांच्यासाठी फॉर्म केला त्यांनी तो उघडून बघितलासुद्धा नसेल.

तुझी
प्रश्नावली


८ मार्च

चि. प्रश्नावलीस,

आशीर्वाद. छत्री राहू दे. मला पाऊस ऐकून कळतो, आणि तिला आता लागत नाही.

दवाखान्याला काही विचारू नकोस. त्यांनी त्यांचं काम केलं. मला उशीर झाला, यापलीकडे त्यात शोधण्यासारखं काही नाही. मामाची आज्ञा समज. आजवर एकही आज्ञा केली नाही, म्हणून ही एक शिल्लक आहे.

बाकी बरं चाललंय. शाळेत जातो, तास घेतो. चहा करताना अजून दोन कप पाणी ठेवलं जातं. मग दुसरा कप घड्याळजींकडे जातो. त्यांना साखर कमी लागते, ते बिचारे गोडच पितात. परवा शिक्षकांच्या खोलीत सगळे जरा जास्त शांत वाटले. शेवटी शिपायाने जवळ येऊन हळूच सांगितलं, "सर, शर्ट उलटा आहे."

या वेळी खरंच होता.

तुझा मामा


१६ मार्च

ती. मामांस,

तुमचं पत्र आलं त्याच्या दोन दिवस आधीच मी दवाखान्याला लिहिलं होतं. आज उत्तर आलं.

तीन वाजून दहा मिनिटं. तीन पंचवीस. तीन पन्नास. तिन्ही वेळा त्यांनी फोन केला. घरच्या नंबरवर. कारण फॉर्ममध्ये तेवढाच होता, आणि नवीन फॉर्म सुरू झाल्यावर जुने कागद बाद झाले. चौथा फोन सहाला केला, तेव्हा तुम्ही शाळेतून आला होतात.

मामा, तिथे लिहिलं होतं. नंबरच्या चौकटीच्या अगदी खाली, मीच लिहिलं होतं: "जवळ बोलवायची वेळ आली तर आम्ही फक्त याच नंबरवर फोन करू. दिवसभर तुमच्या सोबत असतो तो नंबर द्या." यापेक्षा सोपं मला लिहिता येत नाही. पण तुमचा नियम मोठा. जमीन विकणाऱ्यांपासून वाचायचं होतं. मोबाईल तुमच्या खिशात होता, तुम्ही वर्गात पोरांना संस्कृतची रूपं म्हणायला लावत होतात, आणि रिकाम्या घरात फोन वाजत होता. तिकडे मामी दाराकडे बघत होती.

माझी ओळ तुम्ही ऐकलीत, आणि थट्टा करून सोडून दिलीत. एक गुण कापून.

हे लिहायला नको होतं. पण लिहिलं नाही तर मला झोप लागणार नाही.

— भाची


२० मार्च

चि. प्रश्नावलीस,

आशीर्वाद. पत्र मिळालं. तू म्हणतेस ते बरोबर आहे. नियम माझा होता आणि खुळचट होता.

या वेळी मला 'तुम्ही' म्हणालीस. हरकत नाही. शाळेत पंचवीस वर्षं ऐकतोय, सवय आहे.

जेवणखाण वेळेवर करत जा.

मामा


३ एप्रिल

मामा,

काल मी ती ओळ मोठी करायला घेतली. ठळक आणि लाल. मनात होतं की मामाने दुर्लक्ष केलं तसं आणखी कुणी करू नये. चाचणीवाली शेजारून सहज म्हणाली, "लाल करून तुझ्या मामांना काय लाल ऐकू येणार आहे?" मी चिडले. म्हटलं, थांब, ऐकवतेच तुला. हेडफोन लावले, पडदा काळा केला आणि टॅब दाबत गेले.

"संपर्क क्रमांक. चौकट. भरणे आवश्यक."

आणि गप्प. मी थांबले. बुवाही थांबले.

पुन्हा केलं. मग बाकीच्या तेरा चौकटी केल्या. चौदांपैकी एकीचीही ओळ बुवांनी वाचली नाही. मग तुझं आठ फेब्रुवारीचं पत्र काढलं. त्यात सगळं होतं. कुठे काय ऐकू आलं, कुठे आवाज थांबला, घरचा नंबर दिला, का दिला, सगळं. तू चौकटींच्या नावांनाच माझ्या ओळी समजलास, कारण तुला ऐकू आलं ते तेवढंच. सरळ विचारलंस की भाष्य कुठे गेलं. आणि मी ते वाचून ऑफिस हसवलं. कागद अजून भिंतीवर होता. आज काढला.

मामी त्यानंतर नऊ दिवस होती. नऊ दिवस हातात होते.

झालं ते असं. चौकटीचं नाव मी चौकटीला जोडलं होतं. खालची ओळ नुसती खाली ठेवली होती. पडद्यावर ती चौकटीला चिकटून दिसते, म्हणून डोळ्यांना वाटतं ती तिचीच आहे. बुवांना जवळ-लांब कळत नाही. या चौकटीचं वर्णन त्या ओळीत आहे असं त्यांना आतून सांगून ठेवावं लागतं, तरच ते चौकटीत गेल्यावर ती वाचतात. त्याला दोन मिनिटं लागतात. तपासणीचा प्रोग्रॅम हे बघतच नाही, म्हणून शंभर गुण.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझ्या वहीत अकरा जानेवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: 'सूचना चौकटींना जोडणे. नंतर.'

तू वीस तारखेच्या पत्रात एका शब्दानेही म्हणाला नाहीस की ऐकूच आलं नव्हतं. तुला माहीत होतं का? आणि त्या दुपारी मामी काही म्हणाली का? सिस्टर सांगता सांगता थांबल्या होत्या. मला आता सगळं सांग. राखून काही ठेवू नकोस.


१० एप्रिल

चि. प्रश्नावलीस,

आशीर्वाद. हे पत्र तीनदा लिहून पुसलं. बुवा पुसलेलं प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचतात, त्यामुळे तीनदा ऐकावंही लागलं.

हो, माहीत होतं. ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हा, मी घड्याळजींबरोबर तिच्या वस्तू आणायला गेलो. चष्मा, कंगवा, एक पुस्तक. खिडकीतला कारकून म्हणाला, "फॉर्मवर खाली लिहिलेलं असतं की." घरी येऊन घड्याळजींना म्हटलं, जरा माझ्या कॉम्प्युटरवर फॉर्म उघडून खाली काय आहे ते वाचा. एरवी चार मजल्यांना ऐकवणारा हा माणूस. ती ओळ त्यांनी इतक्या हळू वाचली की मला पुन्हा विचारावं लागलं. 'दिवसभर तुमच्या सोबत असतो तो.' कचेऱ्या असं लिहीत नाहीत. मी तुझा आवाज ओळखला.

तू आत माझ्यासाठी वरण गरम करत होतीस. तेव्हा ठरवलं की तुला कळू द्यायचं नाही. हेकट म्हातारा म्हणून रागावलीस तर चालेल, राग ओसरतो. दुसरं ओसरत नाही, हे मी बघतोच आहे. पण लपवणं मला कधी जमलं नाही, आणि तू लहानपणापासून प्रश्न सोडत नाहीस.

आता तुझी चूक. नव्हती असं लिहिणार नाही. तू शहाणी आहेस, तुला खोटं लगेच कळेल आणि मग माझ्या बाकीच्या पत्रांवरचाही विश्वास उडेल. होती. माझीही होती. मी थट्टेत बोललो नसतो, 'बाई गं, इथे काहीच ऐकू येत नाही' असं सरळ लिहिलं असतं, तर तू त्याच संध्याकाळी उठून बसली असतीस. पण मला तरी कुठे ठाऊक होतं की काही ऐकू यायचं राहिलंय? न ऐकलेल्याची तक्रार करता येत नाही, हाच आंधळेपणाचा खरा त्रास. पायरी आपटल्यावर कळते.

जुन्या पोथ्या मी तुला दाखवल्या होत्या. पानाच्या मधे मूळ ग्रंथ मोठ्या अक्षरात, वर आणि खाली बारीक अक्षरात टीका. नक्कल करणाऱ्याला घाई असली की तो आधी सगळी पानं मुळाची उतरवून घेतो आणि टीकेसाठी वर-खाली जागा मोकळी सोडतो. नंतर लिहू म्हणून. अशा कोऱ्या कडांच्या किती पोथ्या मी शिकवल्या असतील. त्या हातांचा मला कधी राग आला नाही. त्यांना कुठेतरी निघायचं होतं, एवढंच वाटलं. तू काही परकी नाहीस की तुला वेगळा न्याय लावावा.

आता तिचं. सिस्टरनी मला सांगितलं ते जसंच्या तसं देतो. तिने दोनदा विचारलं, "आला का?" तिसऱ्यांदा विचारलं नाही. पाचच्या सुमारास मास्क बाजूला करायला लावला आणि म्हणाली, "दारात पायरी आहे. त्याला सांगायला कोणीतरी उभं राहा."

सहाच्या फोनवर दवाखाना एवढंच म्हणाला होता की लगेच या. वाटेत मी तिला सांगायला एक गोष्ट जुळवत होतो. त्या दिवशी एका पोराने उत्तरपत्रिकेत राजाला हत्तीवरून उतरवून सरळ वाघावर बसवलं होतं. पावणेसातला वॉर्डच्या दाराशी पोचलो. सिस्टर तिथे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "समोर पायरी."

ते दोन शब्द दुसऱ्याच्या आवाजात ऐकले, आणि कळलं. पुढे त्यांना काही सांगावं लागलं नाही.

आता तू रडशील. रड. मग उठून त्या ओळी जोड. सगळ्या.

तुझा मामा


१५ एप्रिल

मामा,

जोडल्या. चौदाच्या चौदा. मग ऑफिसचे बाकीचे फॉर्म काढले. सत्तावीस आहेत, एकोणिसांत हेच. चार दिवस मी आणि चाचणीवाली हेडफोन लावून पडदा काळा करून बसतोय. साहेब म्हणाले, एवढ्या बारीक गोष्टीला एवढा वेळ? मी त्यांना तुझं आठ फेब्रुवारीचं पत्र पुन्हा वाचून दाखवलं. तुला न विचारता. या वेळी कोणी हसलं नाही.

दवाखान्याच्या फॉर्ममध्ये आता दोन नंबर द्यायची सोय केलीय.

तो फॉर्म तू एकदा ऐकशील का? आम्ही ऐकला, पण आम्ही डोळे उघडू शकतो. नको वाटत असेल तर नाही म्हण, दुसऱ्या कुणाला विचारेन. गुण नकोत.

छत्री माझ्याकडेच ठेवतेय.

तुझी प्रश्नावली


१९ एप्रिल

चि. प्रश्नावलीस,

अनेक आशीर्वाद. ऐकला.

'रुग्णाचे नाव' पाशी बुवा थांबले, आणि मग पुढे बोलायला लागले. मी खुर्चीत दचकलो. सहा वर्षांच्या सहवासात माणूस प्रथमच आपण होऊन काही सांगत होता. नात्याच्या चौकटीत म्हणाले, "रक्ताचं, लग्नाचं, शेजारचं, कुठलंही चालेल. ज्याच्या येण्याने त्यांना बरं वाटेल ते तुम्ही." मग नंबरची चौकट. ती ओळ त्यांनी त्यांच्या त्या सपाट, बिनसुराच्या आवाजात वाचली, स्वल्पविराम न घेता. दोनदा ऐकली. नीट ऐकू येते.

चौदाही ऐकल्या. कापलेला गुण परत करतो, दहापैकी दहा. यात मास्तरकी नाही.

एक गोष्ट कळवायला हवी. तपासायचं तर फॉर्म पुरता भरायला हवा, आणि भरायचा तर रुग्णाचं नाव हवं. मी आयुष्यभर उदाहरणाच्या वाक्यांसाठी राजे, हत्ती, ब्राह्मण बनवत आलो; पण त्या चौकटीत बसून मला एक खोटं नाव सुचेना. तुझ्या मामीचं लिहिलं. नातं लिहिलं, पती. नंबर दोन्ही दिले, आधी मोबाईलचा. मग टॅब दाबला तर बुवा म्हणाले, "पाठवा. बटण." आणि थांबले. मीही थांबलो. घड्याळजी दाराबाहेर होते. त्यांच्या खिशातलं घड्याळ ऐकू येत होतं. बऱ्याच वेळाने सगळं पुसलं. बुवांनी पुसलेलं प्रत्येक अक्षर वाचलं.

मोबाईल आता वर्गातही चालू ठेवतो. वरच्या खिशात, आवाज मोठा करून. काल भर तासाला वाजला. मी लगेच उचलला. कोणीतरी जमीन विकत होतं. कुठे तळ्याकाठी, पूर्वेला दार, दोन्ही बाजूंनी रस्ता.

मी त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं.

तुझा मामा